परतीचा रस्ता

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या घरात 'स्टॅम्पिंग'चा, म्हणजे पासपोर्टावर नवा व्हिसा घेण्याचा, विषय निघाला की सगळे गप्प होतात. तिथे राहून काम करण्याची मंजुरी वेगळी; कंपनी ती तिथल्या तिथे वाढवून घेते. पण पासपोर्टावरचा व्हिसा संपला असेल आणि माणूस भारतात आला, तर परत जाण्याआधी अमेरिकी वकिलातीत नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे राहायला, राबायला आणि कर भरायला हरकत नाही. आजारी आईला बघून यायचं म्हटलं की मात्र परतीची खात्री कुणीच देत नाही.

२००४ पर्यंत हा व्हिसा अमेरिकेतच टपालाने नवा करून मिळायचा. बोटांचे ठसे घेणं कायद्याने सक्तीचं झालं आणि ती सोय बंद पडली. भारतातल्या वकिलातींतल्या मुलाखतीच्या तारखा लांबू लागल्या, तसे अनेकजण शेजारच्या देशात जाऊन अर्ज करू लागले. कुणी टोरांटो किंवा व्हँकुव्हरला जाई, कुणी सॅन दिएगोला लागून असलेल्या टिहुआनाला. कॅनडात शिरायला भारतीयाला आधी कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो, तोही सोपस्कार लोक करत.

त्यातही एक कठोर अट आहे. कॅनडा-मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्याला संपलेल्या व्हिसावरही अमेरिकेत परत घेतात. पण तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केला की ही सवलत संपते. मग खिडकीतून '२२१ जी'ची चिठ्ठी हातात पडली, म्हणजे अर्ज पुढच्या तपासणीत अडकला, तर हॉटेलच्या खोलीत बसून राहायचं. भाड्याचं घर सीमेपलीकडे, मुलांची शाळा सीमेपलीकडे, ऑफिसचं काम जमेल तसं लॅपटॉपवर आणि दर तासाला वेबसाइटवर अर्जाची स्थिती बघणं. ही चिठ्ठी म्हणजे अखेरचा नकार नसतो, पण होकारही नसतो. आणि किती दिवस ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकी परराष्ट्र खात्याने हा शेजारचा रस्ताही जवळपास बंद केला. अर्ज स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा, असं ठरलं. पाठोपाठ १५ डिसेंबरपासून एच-वन-बीवाल्यांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासण्याचा नियम आला आणि भारतातल्या मुलाखती एकदम पुढे ढकलल्या गेल्या. डिसेंबरच्या सुट्टीत घरी आलेल्या कित्येकांना मार्चच्या किंवा त्याहून पुढच्या तारखा मिळाल्या.

आपल्या देशात कोण येतो हे तपासण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे, आणि तो मला मान्य आहे. पण ज्याला आत घेऊन वर्षानुवर्षं काम करून घेतलं, त्याला घरी जाण्याची भीती वाटावी हे न्यायाचं नाही. ही माणसं पैशासाठीच गेली ना, मग भोगू देत, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पैशासाठी कोण जात नाही? पोटासाठी गाव सोडणाऱ्याने बापाच्या अंत्यदर्शनाचा हक्कही सोडला, असं कुठल्या नीतिशास्त्रात आहे?

पुण्या-मुंबईच्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकावर नेपाळहून आलेला रखवालदार असतो. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे यायला, काम करायला, परत जायला व्हिसा लागत नाही. दशैंच्या सणाला, किंवा घरून वाईट निरोप आला तर, तो रेल्वेने गोरखपूर गाठतो आणि सुनौलीची सीमा चालत ओलांडतो. त्याचा पगार आणि जिन्याखालची त्याची खोली यांबद्दल आपल्याला लाज वाटायला हवी, तो हिशेब निराळा. पण त्याच इमारतीत वर राहणाऱ्या वृद्ध जोडप्याचा डॅलसमधला मुलगा जे करू शकत नाही, ते हा करू शकतो. दोन सरकारांनी ठरवलं तर माणसाला कामही देता येतं आणि घरची वाटही मोकळी ठेवता येते.

अमेरिकेलाही हे जमत नाही असं नाही. २०२४च्या सुरुवातीला तिने वीस हजारांपर्यंत अर्जदारांचे व्हिसा देशातल्या देशातच नवे करून देण्याचा प्रयोग केला होता. तो कायमचा करायला हवा. भारत सरकारनेही व्यापाराच्या वाटाघाटींत या मागणीला आयातशुल्काइतकंच वजन द्यावं.

आपल्या बाजूचंही एक काम आहे. मार्च २०२५मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने बॉटच्या साहाय्याने अडवलेल्या सुमारे दोन हजार तारखा रद्द केल्या. संगणकाच्या करामतीने तारखा अडवून ठेवायच्या आणि अडलेल्याला पैसे घेऊन विकायच्या, हा धंदा आपल्याच माणसांचा आहे. विकत घेतलेली प्रत्येक तारीख रांगेतल्या दुसऱ्या कुणाची तरी असते, आणि त्याचेही वडील कदाचित अतिदक्षता विभागात असतात. तुमच्या घरात कुणी या रांगेत उभं असेल, तर एजंटाकडून तारीख विकत घेऊ नका. आणि रविवारच्या फोनवर "कधी येतोस?" असं विचारण्याआधी, त्याला येता येण्यासारखं आहे का, हे एकदा विचारा.