प्रारब्ध कोणाचे म्हणावे?

सज्जनहो, ‘प्रारब्ध’ हा शब्द आपल्या बोलण्यात फार सहज येतो. पीक बुडाले की प्रारब्ध, लेकरू आजारी पडले की प्रारब्ध. शास्त्रात या शब्दाला मोठे स्थान आहे, म्हणूनच तो कुठे लावावा आणि कुठे लावू नये याचा विचार करणे भाग आहे. हा विषय आज काढण्याचे कारण असे की, जन्मासोबत रक्तात उतरून येणाऱ्या एका रोगावर शास्त्रज्ञांनी अलीकडे उपाय काढला आहे, आणि तो देहात लिहिलेल्या अक्षरांनाच हात घालतो. विधात्याने लिहिलेल्या अक्षराला माणसाने हात लावावा काय, हा तो प्रश्न.

आधी रोग समजून घेऊ. त्याचे नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. आपल्या देहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पोथी आहे असे समजा. तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची; एकेका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे. रक्तातील हिमोग्लोबिन ज्या भागावरून घडते, तिथे या रोगात एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मरते. रक्त कमी पडते, आणि हाडांत, सांध्यांत, छातीत अशा कळा येतात की धडधाकट तरुणही गडाबडा लोळतो. एकाच प्रतीत दोष असेल तर तो माणूस ‘वाहक’. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्ही प्रतींत असेल तर रोग. आईवडील दोघे वाहक असले, तर दर वेळच्या गर्भाला चारात एक इतका रोगाचा संभव असतो.

आता उपाय. जिवाणूंना विषाणूंपासून बचाव करण्यासाठी निसर्गाने एक कात्री दिलेली आहे. ती आपल्याला हवी तिथे चालवता येते, हे इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोन विदुषींनी २०१२ साली दाखवले. २०२० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कात्रीचे नाव क्रिस्पर. तिच्यावर बेतलेल्या सिकलसेलच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये अमेरिकेने, १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी, मान्यता दिली.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. बाळ पोटात असताना त्याचे हिमोग्लोबिन निराळे असते आणि त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत देह ते बनवणे जवळजवळ थांबवतो. डॉक्टर बिघडलेले अक्षर दुरुस्त करीत नाहीत. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, गर्भातल्या हिमोग्लोबिनवर पडलेले कुलूप तेवढे कात्रीने निकामी करतात आणि त्या पेशी परत देतात. औषध देहातच होते, दार बंद होते. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा हिशेब पाहिला गेला, त्यांतील २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र कळा आल्या नाहीत. उपचार सोपा मात्र नाही. त्याआधी कडक केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, तिने वंध्यत्व येऊ शकते, आणि रुग्णालयात कित्येक आठवडे काढावे लागतात.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, “रोग हे पूर्वकर्माचे फळ. भोगल्याशिवाय कर्म सरत नाही. तुम्ही आज कात्रीने ते कापाल, पण उद्या ते दुसऱ्या वाटेने येईलच. मग ही खटपट कशाला?” पूर्वपक्ष हलका नाही. श्रद्धाळू माणसाला तो पटतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर शास्त्राचेच आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपण शिकलो. प्रारब्धाने क्रियमाण बांधले असते, तर साधना कशाला, वारी कशाला, नाम तरी कशाला? चरकसंहितेत आयुष्याचा विचार करताना दैव आणि पुरुषकार म्हणजे प्रयत्न, अशा दोहोंना मोजले आहे. एकट्या दैवावर सारे ठरते असे मानले तर वैद्यकशास्त्रच उरणार नाही. आणि असेही पाहा: रोग येणे प्रारब्धात होते असे म्हणणारा, वैद्य भेटणे प्रारब्धात नव्हते हे कशावरून सांगतो?

दुसरे उत्तर या रोगाच्याच इतिहासात आहे. हे बदललेले अक्षर टिकले कसे? ज्यांच्याकडे दोषाची एकच प्रत असते, त्या वाहकांना घातक हिवतापापासून, म्हणजे मलेरियापासून, बरेच संरक्षण मिळते. डासांनी भरलेल्या रानात ज्यांच्या वंशात हे अक्षर होते, त्यांची मुले अधिक वाचली. ज्या अक्षराने पूर्वजांना जगवले, तेच दोन्हीकडून एका लेकराच्या वाट्याला आले की त्याला छळते. आता सांगा, यात त्या लेकराचे पाप कुठे शोधायचे? साऱ्या कुळाने जगण्यासाठी जे कर्ज काढले, ते एकटे लेकरू फेडते आहे. त्याला पापी म्हणण्याऐवजी कुळाने त्याच्यापुढे हात जोडायला हवेत.

पूर्व विदर्भातील एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. काल्याच्या दिवशी एक माउली लेकराला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, “महाराज, माह्या लेकरानं असं कोन्तं पाप केलं जी?” तिला हे विचारायला लावणारी घरचीच माणसे होती. सासरी तिलाच बोल लावला जात होता. मी तिच्या सासऱ्यांना जवळ बोलावले आणि म्हटले, “दादा, हा रोग एकट्या आईकडून येत नाही. तुमच्या घराकडूनही अर्धा आला आहे. पाप म्हणायचे असेल तर आधी आपल्याकडे बोट करा.” सासरे काही बोलले नाहीत, पण नातवाला त्यांनी आपल्या कडेवर घेतले.

यातून मी जो सिद्धांत मानतो तो असा. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखासाठी नाही. स्वतःचे दुखणे प्रारब्ध म्हणून सोसले तर ते धैर्य होते. दुसऱ्याचे दुखणे प्रारब्ध म्हणून बाजूला सारले तर ती निर्दयता होते. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथमहाराजांना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. त्याने मागच्या जन्मी काय केले होते, हे महाराजांनी विचारले नाही. गंगेचे पाणी त्याच्या मुखात ओतले. हातात पाणी असताना जो कर्माचा हिशेब मांडत बसतो, त्याला नाथांची ओळख नाही.

मग कात्री कुठेही चालवावी काय? नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे ज्यानकुई या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की, त्याने गर्भावस्थेच्या आरंभीच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. एचआयव्हीची बाधा होऊ नये असा त्याचा हेतू होता. पण त्या मुलींना तो रोग नव्हता, आणि टाळण्याचे दुसरे सुरक्षित मार्ग होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. २०१९ अखेर तिथल्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद दिली. असा बदल त्या मुलींपाशी थांबत नाही, त्यांच्या मुलाबाळांतही उतरू शकतो, आणि चूक झाली असेल तर तीही उतरते.

इथे तुकोबारायांची कथा आठवावी. घरची सावकारी होती. लोकांकडून येणे असलेली खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि कुळांना मोकळे केले. पण कान्होबांचा वाटा आधी वेगळा काढून दिला. बुडवली ती आपल्या वाट्याची. ऋणातून सोडवणे हा धर्म, आणि ज्यावर आपला अधिकार नाही त्या कागदाला हात न लावणे हाही धर्म. समोर कण्हणारा रुग्ण संमती देतो, किंवा त्याच्यासाठी मायबाप देतात, आणि बदल त्याच्याच देहात राहतो, तोवर कात्री दयेच्या हातात आहे. अजून न जन्मलेल्या पिढ्यांचे कागद आपण आपल्या हौसेने लिहू लागलो, की ती मालकीच्या हातात गेली. उद्या कोणी उंच, गोरे, हुशार मूल मागेल, तेव्हा ही रेघ आठवा.

राहिली किंमत. अमेरिकेत या एका उपचाराचा दर २२ लाख डॉलर ठरला. म्हणजे आपले १८ कोटींहून अधिक रुपये. हा रोग मुख्यतः आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या रानावनांतल्या गरिबांचा, आणि औषध त्यांच्या कल्पनेपलीकडचे. ही स्थिती कोणा रुग्णाच्या प्रारब्धाने आलेली नाही. माणसांनी ठरवलेला दर माणसांना बदलता येतो, तेव्हा इथेही तो शब्द वापरून कोणी मोकळे होऊ नये.

तोवर आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी साध्या रक्ताची असते. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे स्वस्त औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर पुष्कळांच्या कळा कमी होतात. म्हणून माझ्या कीर्तनकार बंधूंना आणि दिंडीप्रमुखांना विनंती आहे: ज्या भागांत हा रोग आहे तिथे सप्ताहाच्या मांडवात तपासणी होऊ द्या. लग्न ठरवताना पत्रिकेसोबत हा कागदही पाहा, आणि वाहक निघालेल्या मुलीला नावे ठेवू नका, कारण वाहक हा रोगी नव्हे. आणि मायबापहो, दुखणाईत लेकराजवळ बसाल तेव्हा प्रारब्धाची गोष्ट काढू नका. त्याचे पाय चेपा, पाणी पाजा, दवाखान्यात न्या, आणि नाम घ्यायचे ते त्याच्यासोबत घ्या.

रामकृष्ण हरि.