धोक्याची रेषा

समुद्र आमच्या नागभीडपासून फार लांब. परंतु शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्याला लागून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते, आणि ते सारे पाणी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेव्हा किनाऱ्याचा प्रश्न आमचा नव्हे, असे आम्हांला म्हणता येत नाही.

किनाऱ्याचा कोणता भाग पाण्याखाली जाईल हे आधीच अजमावण्याची विद्या आता बरीच पुढे गेली आहे. जमिनीची उंची, भरतीची मर्यादा, किनाऱ्याची धूप आणि समुद्राची वाढती पातळी विचारात घेऊन नकाशावर धोक्याची रेषा ओढतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तिची तरतूद होती. २०१९ च्या अधिसूचनेने ती आपत्तीच्या नियोजनापुरती ठेवली, बांधकामाच्या बंधनांपासून तोडली. नदीकाठी आपल्या राज्यात रेषा दोन : निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द मोठे फसवे! पूर येऊन गेला की शंभर वर्षे सुटका, असा त्यांचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक, एवढीच ती शक्यता. म्हणजे तीस वर्षांच्या संसारात तो पूर दाराशी येण्याचा संभव चारात एकाहून किंचित अधिकच.

हे गणित खरे आहे, आणि ते मांडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. माझी शंका निराळी आहे. रेषेच्या आत राहणारा माणूस तेथे अज्ञानाने राहतो, असे आपण फार सहज धरून चालतो. पण ढीवराला नदी सोडून चालत नाही, कोळ्याला होडी ओढायला पुळण लागते, आणि पुराने आणलेला गाळच काठच्या शेतकऱ्याचे पीक पोसतो. धोका आणि भाकरी एकाच जागी आहेत, म्हणून तो तेथे आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्दचे सर्व तेहेतीस दरवाजे उघडले आणि वैनगंगेकाठच्या गावांत पाणी शिरले. नदीच्या पात्रातच वसलेल्या लाडजला पुराने वेढले. पाणी कुणाकडे पाहून शिरत नाही. पण मातीची भिंत विरघळते, सिमेंटची नुसती भिजते. नकाशावर मात्र दोन्ही घरांचा रंग एकच. शिवाय धरणाखालच्या पुरात आभाळाचा वाटा किती आणि दरवाज्यांचा किती, हे त्या रंगावरून कळत नाही.

मला भीती वाटते ती याची, की ‘आम्ही रेषा दाखविली होती’ असे म्हणून आपण मोकळे होऊ. ज्याला धोका ठाऊक झाला, त्याच्यावर ज्याला तो भोगायचा आहे त्याचे काही देणे लागते. गाव हलवायचे म्हटले, तर नुसती उंचावरची जागा दाखवून भागत नाही. तेथून नदी किती दूर, होडी रात्री कोठे बांधायची, जाळी कोण राखणार, हे आधी त्या ढीवरालाच विचारावे लागेल. आणि तो ‘नाही’ म्हणाला तर काय करायचे, हेही.