आपले उपकरण, परक्याचे कुलूप

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या आवारात संत जॉन बाप्तिस्ताच्या जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. १५७९ साली बांधलेल्या या वास्तूभोवती कुंपण आले आणि ज्यांच्या पूर्वजांनी तेथे प्रार्थना केली त्यांनाच आत जाण्यासाठी परवानगी मागावी लागली. हे आपल्याला खटकते. खिशातील मोबाइलच्या बाबतीत मात्र तसलेच कुंपण आपण निमूटपणे विकत घेतो.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त आज्ञावलीचा विचार मांडला. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाने होणारा घोटाळा मराठीत होण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'मोफत' निराळे आणि 'मुक्त' निराळे. जी आज्ञावली वापरता, वाचता, बदलता आणि शेजाऱ्याला देता येते ती मुक्त. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जी. नागार्जुन यांनी हा विचार आपल्या शहरात आवर्जून मांडला.

फोन मात्र या विचाराला सहजी वश झाला नाही. २०१० साली सुरू झालेल्या 'रेप्लिकंट'ने अँड्रॉइडमधील बंद भाग वगळले, तेव्हा अनेक फोनांवर वायफायसुद्धा चालेना. मनोऱ्याशी बोलणारा मोडेम तर फोनच्या पोटातील दुसरा संगणकच. त्याची आज्ञावली बंदच राहिली. २०१७ साली जाहीर झालेल्या 'लिब्रेम ५'च्या कर्त्यांनी एक अटळ बंद भाग निराळ्या चिपमध्ये ठेवून दुय्यम प्रक्रियकाकडून चालवला, म्हणजे मुख्य प्रक्रियक सोवळा राहिला! नियमाचे अक्षर पाळले गेले खरे; पण दार मागल्या बाजूला नेल्याने बंद खोली उघडत नाही. त्याच फोनला मोडेमची वीज तोडणारा खटका आहे, तो आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. ज्यावर विश्वास नाही ते निदान बंद करता येते.

मग अर्धे स्वातंत्र्य नाकारावे काय? बँकांची कित्येक अ‍ॅप्स मूळ प्रणाली बदललेल्या फोनवर चालत नाहीत. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आजीला तत्त्वासाठी ती सोय सोडण्यास सांगणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. तत्त्वाची किंमत ज्याला परवडते त्यानेच आधी मोजावी.

स्टेशनाबाहेरचा दुरुस्तीवाला काच बदलतो, बॅटरी बदलतो. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या प्रणालीपुढे मात्र त्याचाही इलाज चालत नाही. 'लिनिएजओएस'सारख्या बहुतांशी मुक्त प्रणालीने असे कित्येक फोन पुन्हा कामास येतात. पण त्यासाठी आधी फोनचे कुलूप उघडावे लागते, आणि काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. पूर्ण शुद्धतेच्या हट्टाहून, विकलेल्या वस्तूची किल्ली ग्राहकाला द्या, ही मागणी आम्हांस अधिक निकडीची वाटते.