राखेपूर्वीचे दिवस

वसईच्या ख्रिस्ती घरांत दर्शनी भिंतीवरील क्रुसामागे किंवा एखाद्या संताच्या तसबिरीमागे वाळलेली झावळी खोचलेली असते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ती हिरवी होती. मिरवणुकीत ती उंच धरली गेली, आशीर्वादित होऊन घरी आली आणि मग वर्षभर पिवळी पडत, धूळ साठवीत तिथेच राहिली. माघ सरत आला, की अशा जुन्या झावळ्या चर्चकडे परतू लागतात. त्या जाळून त्यांची राख चाळली जाते आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, ती प्रत्येकाच्या कपाळी लागते. जयघोषाच्या वेळी जे हातात होते त्याचीच राख कपाळावर यावी, या योजनेत एक कठोर शहाणपण आहे. परंतु त्या बुधवारइतकेच त्याच्या आधीचे दिवसही विचार करण्याजोगे आहेत. घरातील कर्ता किंवा कर्ती भिंतीवरील झावळी उतरवते, तेव्हा उपवासकाळ अजून सुरू झालेला नसतो. त्याची तयारी मात्र सुरू झालेली असते.

ही तयारी कशाची असते, असा प्रश्न विचारला तर वरवर उत्तर सोपे आहे. चाळीस दिवस उपवास, प्रार्थना व दानधर्म यांत घालवायचे आणि पुनरुत्थानाच्या सणाला सामोरे जायचे. धर्मग्रामात त्यासाठी बरीच आखणी होते. क्रुसाच्या वाटेची भक्ती कोणत्या शुक्रवारी कोणत्या वाडीने चालवायची, पापनिवेदनासाठी बाहेरचे धर्मगुरू केव्हा येणार, प्रवचनमाला कोण देणार, गरजूंसाठीचा निधी कसा गोळा करायचा, हे सारे आधी ठरते. या काळाला प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात आणि प्रायश्चित्ताच्या मुळाशी पश्चात्ताप असतो. अडचण इथेच सुरू होते. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् होणारा ताप. कृत्य घडून गेल्यावर जो आपोआप जाणवावा, त्याची तारीख आधी कशी ठरणार? ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून निघतो आणि त्यावरून मागे मोजत राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कुठेतरी येतो. चंद्राच्या कलेवरून माणसाच्या अंतःकरणाला वितळण्याची वेळ नेमून देता येते काय?

हा आक्षेप केवळ बाहेरच्याचा नाही. राखेच्या बुधवारच्या मिस्साविधीत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील जो उतारा वाचला जातो, त्याचा आशयच असा, की दान, प्रार्थना व उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत; उपवास करणाऱ्याने तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून असे राहावे, की कोणाला काही कळू नये. त्याच विधीत थोड्या वेळाने रांग लागते आणि सर्वांना दिसेल अशी राख लावून माणसे घराबाहेरच्या जगात परततात. आज्ञा गुप्ततेची आणि खूण उघड, असा हा पेच आहे. तो नजरचुकीने राहून गेलेला नसावा. इतकी शतके लाखो लोकांनी त्याच विधीत तो उतारा ऐकला आहे आणि तीच राख लावून घेतली आहे.

इतिहास या पेचावर थोडा प्रकाश टाकतो. प्राचीन ख्रिस्तसभेत गंभीर पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. अशा माणसांना उपवासकाळाच्या आरंभी उपासकांच्या समूहातून वेगळे काढले जाई आणि पवित्र गुरुवारी पुन्हा सामावून घेतले जाई. गोणपाट आणि राख या त्यांच्या खुणा होत्या. पुढे जाहीर प्रायश्चित्ताची प्रथा मागे पडली. राख मात्र राहिली. १०९१ साली बेनेव्हेन्तो येथे भरलेल्या धर्मसभेत पोप दुसरे उर्बन यांनी ती धर्मगुरू आणि प्रापंचिक, सर्वांनीच घ्यावी असे सांगितले. मूठभर पतितांची खूण अशा रीतीने सर्वांची झाली. या बदलाचा नैतिक अर्थ मोठा आहे. पूर्वी राख कोण पापी ते दाखवीत असे. आता ती कोणालाच वेगळे काढीत नाही. जो रांगेत उभा आहे त्याला पुढच्याकडे बोट दाखवता येत नाही, कारण त्याचे स्वतःचे कपाळ पुढच्याच क्षणी तसेच होणार असते. दिखाऊपणाला लागणारा वेगळेपणाच इथे उरत नाही. सर्वांच्या कपाळी जे आहे त्याचा गर्व कोण करणार?

तयारीलाही असाच इतिहास आहे. जुन्या रोमन पंचांगात उपवासकाळापूर्वीचे तीन रविवार तयारीचे मानले जात. वेदीवर जांभळी वस्त्रे येत आणि आनंदाचा 'आलेलुया' थांबे. १९६९ साली पंचांगाची फेररचना झाली तेव्हा हा पूर्वकाळ काढून टाकला गेला. उपवासकाळ हाच मुळी ईस्टरची तयारी आहे. तयारीची तयारी करीत बसल्याने मुख्य गोष्ट झाकोळते, असे त्यामागील तर्कशास्त्र होते आणि ते बिनचूक होते. तरीही माणसाचा स्वभाव अशा बिनचूक तर्काने चालत नाही. पूर्वेकडील बायझंटाइन परंपरेने आपले तयारीचे रविवार सोडले नाहीत. त्यांतील अखेरचा तर क्षमेचा रविवार म्हणूनच ओळखला जातो. त्या संध्याकाळी उपासक एकमेकांसमोर नमून एकमेकांची क्षमा मागतात आणि मगच उपवासाला लागतात. ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासमोर उभे राहणे, ही तिथे उपवासाची पहिली पायरी मानली गेली आहे.

मराठी भाषिक ख्रिस्ती माणसाला या साऱ्याकडे पाहण्यासाठी स्वतःच्या भाषेतच शब्द सापडतात. मराठी आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची ओळख जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्मून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे दुःखसहन आणि पुनरुत्थान मराठी ओवीत सांगितले आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. 'उपवास' हा शब्द तर घडणीनेच अर्थपूर्ण आहे. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. अन्न टाकणे हा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. मूळ सुचवते ते सान्निध्य. व्रताला संकल्प लागतो, चातुर्मासाला नेम धरावा लागतो, हे महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक असते. आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही त्याच घरांत जन्मली आहे. उपवासाचे फराळात रूपांतर करण्याची माणसाची हातोटी कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नाही. म्हणूनच म्हणीतला टोमणा उपवासकाळालाही लागू पडतो.

कारण नियम पाहिले तर आज ते सौम्य आहेत. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली जुनी बंधने पुष्कळ सैल केली. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास व मांसवर्जन करायचे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासाचे बंधन असते आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून मांसवर्जनाचे. शुक्रवारच्या वर्जनाऐवजी दुसरे तप किंवा दयाकृत्य ठरवून देण्याची मुभाही धर्मसंहितेने ठिकठिकाणच्या बिशप परिषदांना दिली आहे. ही मुभा किती आवश्यक आहे, हे वसईच्या किनाऱ्यावर लगेच कळते. मांस वर्ज्य असले तरी मासळीला बंदी नाही. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातील माणसाला शुक्रवारी मासळी खा, मांस खाऊ नको, असे सांगणे म्हणजे रोजचेच जेवण जेव असे सांगणे होय. ज्याच्या ताटात मांस क्वचितच पडते त्या मजुराने काय सोडायचे? आणि घरातील सर्वांचे उपवास सांभाळताना दुप्पट राबणाऱ्या बाईने स्वतः कोणते तप करायचे? तिचे तप तर सर्वांच्या आधी सुरू झालेले असते. त्याची नोंद मात्र कुठल्याच यादीत नसते.

त्यामुळे 'यंदा काय सोडायचे' हा तयारीचा नेहमीचा प्रश्न अपुरा ठरतो. सोडण्याची वस्तू माणूस स्वतःच निवडतो आणि निवड स्वतःच्या हाती असली, की मन अगदी चतुराईने न दुखणारी वस्तू निवडते. गोड खाणे सुटते, मद्य सुटते, दूरदर्शनवरची मालिका सुटते. बांधावरचे भांडण मात्र सुटत नाही. मत्तयाच्याच शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, वेगळा क्रम सांगितलेला आहे. दान घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा. इथे सूक्ष्म भाग असा, की प्रश्न माणसाच्या स्वतःच्या तक्रारीचा नाही. त्याच्याविरुद्ध दुसऱ्याची जी तक्रार आहे तिचा आहे. स्वतःला दुखावले गेल्याची आठवण सहज होते. आपण कोणाला दुखावले याची आठवण मात्र प्रयत्नाने करावी लागते. उपवासकाळाची खरी तयारी म्हणजे ही आठवण करणे होय. पश्चात्तापाची तारीख ठरवता येत नाही, हे खरे. पण आठवायला बसण्याची वेळ ठरवता येते. ताप मागाहून यायचा तेव्हा येईल.

वसईच्या संदर्भात या आठवणीला विशेष धार आहे. केळीच्या बागा, पानवेली आणि फुलांचे मळे यांवर जगणाऱ्या या पट्ट्याला १९८० च्या दशकापासून शहरीकरणाने घेरले. जमिनी विकल्या गेल्या, विहिरींचे पाणी टँकरमधून नव्या वस्त्यांकडे जाऊ लागले. या ओरबाडण्याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ साली निधन पावलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे अग्रणी होते. अशा भूमीत पाप ही केवळ अंतःकरणातील गोष्ट राहत नाही. समजा, एकाने आपल्या विहिरीचे पाणी विकले आणि त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली. समजा, सामाईक जमिनीच्या व्यवहारात एका भावाने दुसऱ्याला अंधारात ठेवले. आता पाणी विकणाऱ्याने सर्व शुक्रवारी मांस वर्ज्य केले, तर त्याने नेमके काय केले? त्याने देवाला असे काही दिले, जे देवाने मागितले नव्हते, आणि शेजाऱ्याचे असे काही ठेवून घेतले, जे शेजारी मागत होता. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील संताप याच जातीच्या उपवासावर आहे. अन्यायाच्या बेड्या सोडवणे आणि भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करणे, हाच तिथे उपवास ठरवला आहे.

येथे समेटाच्या उत्साहालाही एक इशारा द्यावा लागतो. छोट्या समाजात शांततेला फार किंमत असते आणि ती किंमत बहुधा दुबळ्याकडून वसूल होते. 'उपवासकाळ आहे, विसरून जा' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते ज्याने लुबाडले त्याला क्वचितच सांगितले जाते; ज्याचे गेले त्यालाच सांगितले जाते. अशी क्षमा म्हणजे अन्यायावर चाळलेली राख होय. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय याची कथा इथे मार्ग दाखवते. त्याने नुसती क्षमा मागितली नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले, तेही लोकांसमक्ष. त्याचा पश्चात्ताप हिशेबात उतरला. दान आणि परतफेड यांतील फरक त्याने ओळखला होता. परतफेडीला दान म्हणणे हीसुद्धा एक चोरीच असते.

मग धर्मग्रामाने, पंचांगाने, सूचनांनी आणि याद्यांनी काय साधते? एकट्या माणसाला आपले देणे आपल्या घरात बसून फेडता येणार नाही काय? येईल, पण सहसा तो फेडत नाही. पुष्कळ वैरे द्वेषाने टिकत नाहीत. ती संकोचाने टिकतात. वीस वर्षे न बोललेल्या दोन भावांपैकी एकाला बोलावेसे वाटू लागलेले असते, पण आजच का, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते. मराठीत यालाच निमित्त म्हणतात. निमित्त हे कारण नव्हे. कारण आधीच पिकून तयार असते, निमित्ताने फक्त ते देठापासून सुटते. उपवासकाळ समाजाला हे निमित्त पुरवतो. दार ठोठावणाऱ्याला तो म्हणू देतो, की बुधवार जवळ आला, म्हणून आलो. त्या वाक्यात अभिमान राखला जातो आणि तरी काम होते. अर्थात निमित्त हे कोणाला दारापर्यंत नेण्याची हमी देत नाही. ते केवळ उद्याची सबब काढून घेते. बुधवार येतो आणि जातो. ज्याने दार ठोठावले नाही त्याच्याही कपाळी राख लागतेच. धर्मगुरू रांगेतील कोणाला विचारीत नाहीत. तो प्रश्न विचारायला ज्याचा त्याचा बांध, ज्याची त्याची विहीर पुरेशी असते.

झावळी उतरवल्यावर क्रुसामागे काही आठवडे रिकामी जागा राहते. भिंतीवर तिचा फिकट ठसा उमटलेला असतो. झावळ्यांच्या रविवारी नवी हिरवी झावळी येऊन तो झाकला जाईल. तोवर घरातल्या माणसांना जाता-येता ती जागा दिसत राहते. आणि त्याच आठवड्यांत, घरापासून चार पावलांवर, बांधापलीकडचे दार उघडे किंवा बंद असते.