शोभते म्हणजे काय?

गेल्या मे महिन्यात मी केस कापले. कमरेपर्यंत येणारी वेणी गेली आणि खांद्याच्या जरा खाली रुळणारे, थराथरांनी कापलेले केस आले. दिवाळी अंकात सांगावी अशी ही बातमी नव्हे, हे मला कळते. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेला वाचक म्हणेल, "बाई, तुम्ही केस कापा नाहीतर वाढवा, आम्हांला त्याचे काय?" पण त्या कात्रीने केसांबरोबर एक प्रश्नही माझ्या पुढ्यात टाकला, आणि त्यात मी माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक गुंतत गेले.

कारण अगदी साधे होते. माझे केस दाट आणि लाटेदार. दारव्ह्याच्या उन्हाळ्यात मानेवर घामोळे, आणि पावसाळ्यात न्हाल्यावर वेणीचा गाभा संध्याकाळपर्यंत ओला. सकाळी डबे, सासूबाईंचा चहा, मग शाळा. कादंबरीची दोन पाने लिहायची ती पहाटेच. आणि त्या पहाटेतला अर्धा तास फणीच्या स्वाधीन. एक दिवस मी मनाशी हिशेब केला आणि पार्लरची पायरी चढले.

जाताना मोबाइलमध्ये एका नटीचे छायाचित्र घेऊन गेले होते. तिथली मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान. तिने छायाचित्र पाहिले, माझे केस हातात घेऊन तोलले आणि म्हणाली, "ताई, हिचे केस सरळ आहेत. शिवाय रोज कुणीतरी यंत्राने वाळवून बसवून देते. तुमचे कोण बसवणार?" मी निरुत्तर झाले. मग तिने मला समजावले. दाट केसांत थर पाडले म्हणजे भार कमी होतो. पण विरळ केसांत फार थर पाडले तर टोके उघडी पडतात. लाटेदार केस वाळल्यावर वर चढतात, म्हणून ओले असताना बेतानेच कापावेत. सर्वांत आखूड थर हनुवटीच्या खाली ठेवावा, म्हणजे कामाच्या वेळी सगळे केस मागे बांधता येतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. एका सरळ रेषेत कापलेल्यांची रेषा लवकर बिघडते, थरांचे वाढणे तितके डोळ्यांत भरत नाही. जो कट स्वतःच्या सेवेला माणूस लावतो तो आपल्याला परवडणारा नव्हे, एवढे शहाणपण त्या मुलीने मला फुकट दिले. "हे तुम्हांला शोभेल," असे म्हणून तिने कात्री उचलली.

घरी आले. सासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "सवाष्ण बाईला हे शोभत नाही."

एकाच दिवशी, एकाच डोक्याबद्दल, एकच क्रियापद! तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आपल्या मराठीत 'शोभणे' हा शब्द दोन घरी नांदतो. एकदा तो डोळ्यांचा असतो, एकदा रीतीचा. पार्लरमधली मुलगी चेहऱ्याकडे पाहून बोलली. सासूबाई माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहून.

त्यांचा राग मात्र पोकळ नव्हता. त्यांच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कापलेल्या केसांचा एकच अर्थ होता. माझ्या आजीच्या आत्याचे ऐन तारुण्यात केशवपन झाले होते. आजी सांगे, की दर थोड्या दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येई आणि आत्या काही न बोलता त्याच्यापुढे बसे. तिला काय शोभते ते इतरांनी ठरवले होते. १८९० साली गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्या वस्तऱ्यावर त्यांचे पोट होते. तरी त्यांनी तो खाली ठेवला. आत्याच्या दारापर्यंत मात्र तो निर्धार पोचला नाही.

महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचले. बराच काळ त्या केशवपन झालेल्या अवस्थेतच काम करीत होत्या. पुढे त्यांनी विचारपूर्वक केस वाढवले. म्हणजे पाहा, त्यांना केस वाढवून जे मिळाले, ते मला केस कापून मिळाले. तेव्हा मोकळेपण केसांच्या लांबीत नाही. कात्री कुणाच्या सांगण्यावरून चालते, हा खरा प्रश्न.

इथे लेख संपवला असता तर मला बरे वाटले असते. पण मी शिक्षिका आहे.

गेल्या वर्षी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी कानापर्यंत केस कापून आली. आमच्या शाळेत मुलींनी दोन वेण्या घालायच्या असा शिरस्ता आहे. मी तिला उभे केले आणि सर्वांदेखत म्हणाले, "शाळेत हे शोभते का?" ती खाली पाहत म्हणाली, "माय पहाटंच वेचाले जाते, बाई. वेणी कोन घालीन?" मुले हसली. मी त्यांना गप्प केले, पण माझे शब्द परत घेतले नाहीत.

वेळ वाचावा म्हणून मी केस कापले, तर शिक्षकांच्या खोलीत कौतुक झाले. तिने त्याच कारणासाठी कापले, तर शिक्षा झाली. सासूबाईंच्या ज्या शब्दाने मी दुखावले, तोच शब्द मी आठ वर्षांच्या मुलीवर फेकला होता. सासूबाईंच्या मागे निदान एक जुनी भीती होती; माझ्यामागे नुसती शिस्त होती.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी चौथीच्या वर्गात गेले आणि सर्वांसमोरच तिला म्हटले, "गेल्या वर्षी मी चुकले." तिला काही कळले नसावे. तिने मान वळवून दोन इवल्या वेण्या दाखवल्या आणि म्हणाली, "वाढले आता, बाई. शेजारची आजी घालून देते." मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, अशी आपली म्हण आहे. तिचा उत्तरार्ध आपण स्वतःसाठी राखून ठेवतो आणि पूर्वार्ध धाकट्यांना शिकवतो. आता मी एवढेच ठरवले आहे, की 'शोभत नाही' हे शब्द ओठांवर आले, तर आधी 'का गं?' म्हणून विचारायचे आणि उत्तर पुरते ऐकायचे.

यंदा नरकचतुर्दशीला सासूबाई माझ्या डोक्याला तेल लावायला बसतील. "लवकर आटोपते हो आता," असे त्या परवा आपणहून म्हणाल्या. शोभते, असे मात्र अजून म्हणाल्या नाहीत. मीही विचारलेले नाही.