आखूड पडलेला चेंडू

टेनिसच्या खेळात एक क्षण असा येतो की, त्या वेळी खेळाडूच्या मनगटापेक्षा त्याच्या स्वभावाचीच परीक्षा अधिक होते. दोघेही मागच्या रेषेवरून चेंडूची देवघेव करीत असतात आणि एकाएकी एकाचा फटका फसतो. चेंडू जाळ्यापासून थोड्याच अंतरावर आखूड पडतो. अशा चेंडूवर पुढे धावून तुटून पडावे, हे खेळाचे शास्त्र. पण दुसऱ्याच्या चुकीवर असे तुटून पडणे सज्जनाला शोभते का, ही शंका माझ्यासारख्या मास्तरकी करणाऱ्याला छळते. उत्तर देताना अडखळणाऱ्या मुलाला हसू नये, असे आम्ही वर्गात रोज बजावीत असतो ना!

मात्र हा पुढे धावणारा काय करतो ते नीट पाहावे. चेंडू तिथल्या तिथे ठार मारण्याच्या भरीला शहाणा खेळाडू सहसा पडत नाही. तो चेंडू खाली ठेवून, बहुधा कडेच्या रेषेने सरळ, खोलवर मारतो आणि त्याच्या पाठोपाठ जाळ्यापाशी जातो. तिरपा मारला, तर दुसरी बाजू सताड उघडी पडते. आणि जाळ्यापाशी पोचला, तरी त्याच्या पाठीमागे जवळजवळ 39 फूट लांब आणि 27 फूट रुंद मैदान राखणीवाचून पडलेले असते! समोरच्याने चेंडू बाजूने काढला किंवा डोक्यावरून उचलून टाकला, की याची फजितीच.

1989 साली पॅरिसच्या लाल मातीवर सतरा वर्षांच्या मायकेल चांगच्या पायांत पेटके आले होते. समोर होता जगातला पहिल्या क्रमांकाचा इव्हान लेंडल. पाचव्या सेटमध्ये चांगने सर्व्हिस चक्क खालून, पोरासोरांसारखी केली. चेंडू अर्थातच आखूड. लेंडल पुढे आला, आणि तो गुण चांगने घेतला. पुढे सामनाही घेतला. लेंडलने दुखऱ्या पोरावर धावून जाण्यात काही अन्याय केला, असे मला वाटत नाही. पोराच्या हातात रॅकेट होती आणि लेंडलची पाठ उघडी होती.

उलट, मागच्या रेषेवर उभा राहून समोरचा केव्हा चुकतो याची वाट पाहणारा आपल्याला फार सोज्ज्वळ वाटतो! तोही दुसऱ्याच्या चुकीवरच जगतो. फक्त स्वतःचे काही पणाला लावीत नाही. दुष्काळात शेजाऱ्याची जमीन मातीमोलाने घेणारा सावकार कुठे कोणावर धावून जातो? तो ओसरीवर पान जुळवीत बसलेला असतो. चुकलेल्या मुलाला हसणारे पोर त्याच्याच जातकुळीचे. पण तेच उत्तर देण्यासाठी जो हात वर करतो, त्याचे काय? त्यालाही अडखळण्याची धास्ती असतेच की.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीफन एडबर्ग चांगपुढे पुन्हा पुन्हा जाळ्याशी आला आणि पाच सेटांत हरला. 1990 साली विम्बल्डन जिंकताना तो तसाच पुढे धावत होता.