थांबायची मुभा

मे महिन्यात चंद्रपूरला घरी गेलो होतो. पहाटे मामेभावासोबत धावायला निघालो. तो पोलीस भरतीची तयारी करतो. दुसऱ्या किलोमीटरला माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं: १८१. मी चालायला लागलो, तो पुढे निघून गेला. परत आल्यावर मी म्हणालो, "फार धडधडलं तर थांबत जा रे." तो हसला. "थांबलो तर नंबर जाते ना दादा. तुला घड्याळ थांबू देते, मला कोण देते?"

हा प्रश्न डोक्यातून गेला नाही.

घड्याळाचं म्हणाल तर ते ठोके थेट मोजत नाही. ते त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषून घेतं, आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडीचा अंदाज बांधलं जातो. पट्टा सैल असला की कधीकधी पावलांची लयच नाडी समजली जाते. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला माहीत आहे की स्क्रीनवर ठाम दिसणारा आकडा आतून अंदाजच असतो. '२२० वजा वय' हे सूत्रही तसंच. त्यातून माझी कमाल मर्यादा १९२ येते, पण खरी मर्यादा दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे.

मग घड्याळाने मला नेमकं दिलं काय? ज्ञान थोडं, परवानगी जास्त. मी थांबलो तेव्हा कोणी मला आळशी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. आकडा माझ्या बाजूने बोलला.

भावाकडे असा साक्षीदार नाही. त्याच्याकडे १६०० मीटर आहेत आणि सेकंदांवर ठरणारे गुण. उजाडायच्या आत जंगलालगतच्या रस्त्यावर वाघाची धास्ती, उजाडल्यावर ऊन. उन्हात अंग थंड ठेवायला हृदयाला त्वचेकडेही रक्त ढकलावं लागतं, म्हणून त्याच वेगाला ठोके वाढतात. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. फक्त वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना जीव तोडून धावला तर त्याला धोका होऊ शकतो. हे कुठलंच घड्याळ सांगत नाही. साधी रक्ततपासणी सांगते.

'शरीराचं ऐका' हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' लिहिलं. हृदय कसं चालतं हे डॉक्टरला शिकवावं लागत नाही. म्हणजे केवळ माहिती असून भागत नाही. काम असो की भरती, थांबणं महाग झालं की आतला आवाज ऐकू येऊनही माणूस पळत राहतो. माझं थांबणं फुकट होतं. त्याच्या थांबण्याची किंमत एक नोकरी होती. ती किंमत न मोजणाऱ्याने सावधगिरीचा उपदेश करावा का?

करावा, पण नुसता उपदेश करून मोकळं होऊ नये. त्याची किंमत कमी करता येते का ते बघावं. आम्ही दोघांनी सिकलसेलची तपासणी करून घेतली. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं ठरवलं, म्हणजे जोर लावायचे दिवस मोजकेच राहतात. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आकडा न बघता थांबायचं, हेही ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्याला नाडी मोजायला शिकवलं. अंगठा नाही, दोन बोटं. थांबल्याबरोबर पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. त्याने मोजलं. "बेचाळीस. म्हणजे एकशे अडुसष्ट. आता किती वेळ चालू?"

"दम परत येईपर्यंत," मी म्हणालो, आणि त्याच्यासोबत चालायला लागलो. घड्याळ त्या दिवशी घरीच होतं.